बळ आणि झीज : बहुवारिकांतील भरणद्रव्यांविषयी एक संवाद

नायलॉन, टेफ्लॉन, पॉलिएथिलीन, रबर यांसारखी बहुवारिके, म्हणजे लहान रेणू साखळीसारखे एकमेकांना जोडले जाऊन तयार झालेले पदार्थ, पुष्कळदा जशीच्या तशी वापरली जात नाहीत; त्यांत काचेचे तंतू, काजळी, ग्रॅफाइट, ब्राँझची भुकटी किंवा सिलिका मिसळण्याची रीत जुनी आहे. अशा मिसळलेल्या पदार्थाला भरणद्रव्य म्हणतात. हा शब्द काहीसा फसवा आहे, कारण त्यातून महागड्या मालात खपवलेला स्वस्त माल असा अर्थ ध्वनित होतो, आणि खडूच्या भुकटीच्या बाबतीत तो पुष्कळदा खराही असतो. येथे मात्र ज्यांच्यामुळे मूळ पदार्थ बळकट होतो असे मानले जाते, तीच द्रव्ये विचारात घ्यायची आहेत. बळकट झालेला पदार्थ कमी झिजतो, हे विधान इतके स्वाभाविक वाटते की ते तपासण्याची गरजच कोणाला भासत नाही. पुढील संवादाचा विषय तेच विधान आहे.

संवादातील एक पक्ष साच्यातून गिअर, बुश आणि आवरणे काढणाऱ्या अभियंत्याचा आहे, तर दुसरा घर्षण आणि झीज यांचा अभ्यास करणाऱ्या प्राध्यापकाचा. दोघांमध्ये टेबलावर ३० टक्के काचतंतू घातलेल्या नायलॉनचा एक बुश आणि त्यात काही महिने फिरलेला मऊ पोलादाचा शाफ्ट ठेवलेला आहे, असे समजावे.

अभियंता : "सर, मूळ प्रश्न भाराचा आहे. साध्या नायलॉन-६ चे ताणबल कोरड्या अवस्थेत सुमारे ८० मेगापास्कल असते, म्हणजे एक चौरस मिलिमीटर छेदाच्या कांडीला साधारण ८ किलो वजन टांगले की ती हार मानते. ३० टक्के काच घातली की हाच आकडा १८० च्या आसपास जातो आणि ताठरपणा तिपटीने वाढतो. मोटारीच्या रेडिएटरच्या टाक्या नायलॉनच्या होऊ शकल्या त्या याच काचेच्या जोरावर. ज्या वस्तूला भारच सोसत नाही तिच्या झिजेची चर्चा कशाला करायची? दात मोडलेल्या गिअरची झीज कोणी मोजत नाही."

प्राध्यापक : "मोजत नाही, हे खरे, पण समोरचा बुश मोडलेला नाही. तो शाबूत आहे आणि तरीही ग्राहकाने परत पाठवला आहे. त्याचे कारण बुशात शोधण्याआधी शाफ्टवरून एकदा नख फिरवून पाहावे."

शाफ्टचा जो भाग बुशात फिरला, तेथे त्याची मूळची चकाकी गेलेली असून परिघाच्या दिशेने बारीक चरे उमटले आहेत, आणि नख त्यांवरून लांबीच्या दिशेने ओढले की किंचित अडते. बुशाच्या आतल्या अंगाला करडी, धुरकट पूड चिकटली आहे; भिंगाखाली त्या पृष्ठभागावर काचेच्या तंतूंची टोके उघडी पडलेली दिसतात, कारण भोवतालचे मऊ नायलॉन आधी झिजून गेले आणि काच मागे राहिली. काच मऊ पोलादापेक्षा कठीण असते. म्हणजे बुशाला बळ देण्यासाठी आत घातलेली वस्तू उघडी पडताच कानशीसारखी वागू लागली, तिने शाफ्ट खरवडला, आणि खडबडीत झालेल्या शाफ्टने परतफेड म्हणून बुश खरवडला.

अभियंता : "शाफ्ट कठीण करून घेतला असता तर हे झाले नसते. कठिणपणा वाढला की झीज घटते, हा नियम तर पाठ्यपुस्तकातला आहे."

प्राध्यापक : "तो नियम आर्चर्ड यांनी १९५३ मध्ये मांडला. झिजून गेलेले घनफळ भाराच्या आणि घासलेल्या अंतराच्या सम प्रमाणात असते आणि कठिणपणाच्या व्यस्त प्रमाणात, असे तो सांगतो. पण त्यात आणखी एक गुणांक आहे, आणि सगळी मेख त्या गुणांकात आहे. कठिणपणा फार तर काही पटींनी बदलतो, गुणांक मात्र पदार्थांची जोडी बदलली की लाख पटींनीही बदलू शकतो. शिवाय हा नियम उभा राहिला तो मुख्यतः धातूंच्या अभ्यासावर. बहुवारिके खरखरीत पृष्ठभागावर घासली जातात तेव्हा दुसराच एक संबंध जास्त उपयोगी पडतो, तो रॅटनर आणि लँकेस्टर यांच्या नावाने ओळखला जातो. त्यानुसार झीज ही तुटतेवेळचे बल आणि तुटतेवेळची लांबणी यांच्या गुणाकाराच्या व्यस्त प्रमाणात असते. काच घातल्यावर बल वाढले, पण लांबणीचे काय झाले?"

अभियंता : "ती घटते. साधे नायलॉन तुटण्यापूर्वी मूळ लांबीच्या निम्म्याने तरी सहज ताणले जाते, काच भरलेले तीनेक टक्क्यांतच तुटते."

प्राध्यापक : "मग गुणाकार करून पाहावा. ८० गुणिले ५० म्हणजे ४०००; १८० गुणिले ३ म्हणजे ५४०. बल सव्वादोन पट झाले आणि ओरखडे सोसण्याची कुवत, निदान या ढोबळ हिशेबाने, सातव्या हिश्श्यावर आली. हे उलटे वाटत असेल तर अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीनकडे पाहावे. त्याचे ताणबल काच भरलेल्या नायलॉनच्या चौथ्या हिश्श्याइतकेही भरत नाही आणि ते नखाने सहज कोरता येते, तरी कोळसा आणि खनिजे वाहून नेणाऱ्या घसरगुंड्यांना आतून अस्तर म्हणून तेच लावतात. खडीचा कण त्यात रुततो, पदार्थ चेपतो, ताणला जातो आणि पुन्हा आपल्या जागी येतो. तुकडा निघतच नाही. त्याच्या रेणूंचा रेणुभार तीस लाखांच्या वर असतो, आणि त्या लांब साखळ्यांची गुंतागुंत हेच त्याचे खरे भांडवल."

येथवर प्राध्यापकाची बाजू वरचढ वाटते, तथापि अभियंत्याच्या भात्यातला सर्वांत धारदार बाण अजून सुटायचा होता.

अभियंता : "हा हिशेब टायरला लावून दाखवावा. विसाव्या शतकाच्या आरंभीचे टायर पांढरट असत, कारण त्यांत झिंक ऑक्साइडची भुकटी घालत. पुढे काजळी आली, टायर काळे झाले आणि त्यांचे आयुष्य अनेक पटींनी वाढले. स्टायरीन-ब्युटाडाइन या कृत्रिम रबराचे ताणबल काजळीशिवाय जेमतेम दोन-तीन मेगापास्कल असते. शंभर भाग रबराला पन्नासेक भाग काजळी मिसळली की ते वीसच्या वर जाते. बळही वाढले आणि झीजही घटली. बळ आणि झीज ही दोन वेगळी खाती आहेत म्हणता, मग एकाच भरणद्रव्याने दोन्हीकडे जमा कशी केली?"

हा युक्तिवाद हलका समजण्यासारखा नाही. काजळीचे कण काही दशनॅनोमीटर मापाचे, म्हणजे मिलिमीटरचे लाखभर भाग केले तर त्यांतील दोन-तीन भागांएवढे असतात. इतक्या सूक्ष्म कणांचे एकूण पृष्ठफळ प्रचंड भरते आणि रबराच्या साखळ्या त्याला इतक्या घट्ट चिकटतात की विद्रावकात बुडवूनही त्यांचा काही भाग सुटून येत नाही. काचेच्या तंतूप्रमाणे हा कण उघडा पडून समोरच्याला खरवडत नाही, कारण त्याचे मापच खरवडण्याजोगे नसते. बहुवारिकांच्या इतिहासात भरणद्रव्याने मिळवलेले यापेक्षा मोठे यश दाखवणे अवघड आहे.

प्राध्यापक : "टायरपुढे मान तुकवावीच लागते. मात्र उदाहरण कृत्रिम रबराचे निवडले गेले, हे लक्षात राहिले पाहिजे. नैसर्गिक रबर, झाडाच्या चिकापासूनचे, काजळीशिवायच वीस मेगापास्कलच्या घरात असते, कारण ताणले की त्याच्या साखळ्या ओळीने लागून स्फटिक बनतात. काजळीने त्याचे ताणबल थोडेच वाढते. तरीही काजळीविना केलेला नैसर्गिक रबराचा टायर रस्त्यावर लवकर झिजतो. बळ आधीच होते, तर झीज थांबायला हवी होती. ती थांबली ती काजळीने दिलेल्या दुसऱ्या कशामुळे तरी. कृत्रिम रबरात दोन्ही गोष्टी एकत्र आल्या, म्हणून त्या एकच आहेत असा भास झाला."

अभियंता : "तर मग टेफ्लॉन. शुद्ध टेफ्लॉन घसरते छान, पण खडूसारखे झिजते, आणि काच, कार्बन किंवा ब्राँझ घातले की त्याची झीज शंभर ते हजार पटींनी कमी होते. कॉम्प्रेसरच्या रिंगा आणि सील यांवरच चालतात. येथे तरी भरणद्रव्याने बळ दिले आणि झीज घटली, हे मान्य व्हावे."

प्राध्यापक : "झीज घटली, हे निर्विवाद. बळ वाढले का? मालासोबत येणारा गुणतक्ता काढून पाहावा. शुद्ध टेफ्लॉनचे ताणबल तीस मेगापास्कलच्या आसपास असते, आणि भरणद्रव्य घातल्यावर ते वाढण्याऐवजी बहुधा वीसच्या खाली उतरते. टेफ्लॉन कशालाच धड चिकटत नाही, मग ते काचेला तरी कसे चिकटणार? ताणले की प्रत्येक कणाभोवती फट पडते. जो पदार्थ ओढून पाहिला तर कमजोर झाला, तोच घासून पाहिला तर हजार पट टिकाऊ ठरला."

अभियंता : "ओढून पाहणे हीच चूक आहे. बुश ओढला जात नाही, दाबला जातो. दाबाखाली शुद्ध टेफ्लॉन महिनोन्‌महिने वाहत राहते, भरलेले वाहत नाही. ब्राँझ उष्णताही बाहेर काढते. दाब आणि वेग यांच्या गुणाकाराची जी मर्यादा प्रत्येक बेअरिंगला असते, ती यामुळेच वर सरकते."

या उत्तरात तथ्य आहे, आणि प्राध्यापकाने ते मानले. ब्राँझच्या बाबतीत आकड्यांचा एक घोळ मात्र जाता जाता निस्तरला पाहिजे. बाजारात ६० टक्के ब्राँझ म्हणून जे मिश्रण मिळते ते वजनाने ६० टक्के असते. ब्राँझ टेफ्लॉनच्या चौपट जड असल्यामुळे घनफळाने ते २७ टक्क्यांच्या आसपासच भरते. वजनाचा आकडा वाचून ब्राँझच मुख्य आणि टेफ्लॉन दुय्यम असे समजणाऱ्याचा ग्रह त्यामुळे चुकीचा ठरतो.

दाबाखालचे वाहणे थांबते एवढ्याने मात्र हजार पटींचा उलगडा होत नाही. टेफ्लॉनची अंतर्गत रचना खारीच्या पापुद्र्यांसारखी असते. घासताना पापुद्रे एकमेकांवरून घसरतात, म्हणून घर्षण कमी, आणि तेच पापुद्रे सबंधच्या सबंध सुटून बाहेर पडतात, म्हणून झीज भरमसाट. सुटलेला पापुद्रा मोठा आणि सैल असल्यामुळे धातूवर टिकत नाही, पुढच्या फेरीत झाडून टाकला जातो आणि त्याच्या जागी नवा येतो. भरणद्रव्याचा कण या पापुद्र्यांच्या वाटेत आडवा येतो. मग सुटणारा चुरा बारीक होतो, बारीक चुरा धातूच्या खाचांत बसतो, आणि तेथे त्याचा पातळ थर तयार होतो. या थराला स्थानांतरित थर म्हणतात. तो एकदा बसला की टेफ्लॉन धातूवर घासायचे थांबून टेफ्लॉनवरच घासू लागते. झीज कमी झाली ती या थरामुळे, जो बुशाचाही नाही आणि शाफ्टचाही नाही.

प्राध्यापक : "याच थराची किंमत वैद्यकाला फार महागात मोजावी लागली. इंग्लंडमध्ये जॉन चार्न्ली या शल्यविशारदांनी १९५८ च्या सुमारास खुब्याच्या कृत्रिम सांध्याची खोबण टेफ्लॉनची केली आणि तीनशेच्या आसपास रुग्णांत ती बसवली. शरीराच्या ओलाव्यात, धातूच्या गोळ्याखाली, ती काही वर्षांतच झिजली, आणि झिजेच्या चुऱ्याने भोवतालच्या ऊती सुजल्या. तेव्हा भरणद्रव्य घातलेले टेफ्लॉन वापरून पाहिले गेले. प्रयोगशाळेत ते कितीतरी पटींनी टिकाऊ ठरले होते, शरीरात मात्र त्याने निराशा केली. भरणद्रव्याचे कण धातूच्या गोळ्यालाच घासू लागले. आगीतून फुफाट्यात जाणे ते हेच. शेवटी १९६२ मध्ये जे चालले ते भरणद्रव्य नसलेले, अतिउच्च रेणुभाराचे पॉलिएथिलीन; ते तेथवर पोहोचले ते लँकेशायरच्या यंत्रमागांची गिअरे त्याची बनत होती म्हणून."

अभियंता : "म्हणजे ते भरणद्रव्य वाईट होते. तत्त्व वाईट होते असे त्यातून निघत नाही."

प्राध्यापक : "तत्त्वाचीही परीक्षा झाली. १९७० च्या दशकात त्याच पॉलिएथिलीनमध्ये कार्बनचे तंतू घालून ते गुडघ्याच्या सांध्यात बसवले गेले. ताठरपणा वाढला, कागदावर सगळे गुण वाढले. पण तंतू आणि पॉलिएथिलीन यांची पकड कच्ची होती. चालताना पडणाऱ्या लाखो आघातांखाली तडे साध्या पॉलिएथिलीनपेक्षा अनेक पटींनी वेगाने पुढे सरकले, पृष्ठभागावरचे तंतू तुटून उघडे पडले, आणि तो पदार्थ मागे घ्यावा लागला. नंतर १९९० च्या दशकाअखेरीस झीज खरोखर घटली ती किरणोत्सार देऊन साखळ्या एकमेकींना आडव्या बांधल्यामुळे. बाहेरून एक कणही घातला गेला नाही."

अभियंता : "आणि त्या आडव्या बांधणीने पदार्थाचा चिवटपणा घटला, हे सांगायचे राहिले."

प्राध्यापक : "घटला. म्हणूनच गुडघ्यासाठी तो वापरताना पुष्कळ काळ हात आखडता घेतला गेला."

यानंतर काही काळ संवाद अभियंत्याच्या मुलुखात शिरतो. तंतू भार कसा घेतो, तर टोकांनी नव्हे, अंगाने. भोवतालचे नायलॉन त्याला कडेने धरून ओढते आणि हळूहळू भार चढवते. दहा मायक्रोमीटर जाडीच्या काचतंतूला पूर्ण भार चढायला साधारण पाव मिलिमीटर लांबी लागते. मिश्रण तयार करताना तीनेक मिलिमीटर लांबीचे कापलेले तंतू यंत्रात घातले जातात, पण स्क्रूच्या मळणीतून आणि साच्याच्या अरुंद तोंडातून बाहेर पडेपर्यंत ते मोडून पाव मिलिमीटरच्याच आसपास उरतात, म्हणजे जेमतेम काठावर. त्यात जुन्या मालाचा चुरा पुन्हा दळून मिसळला की तेवढेही उरत नाहीत. काचेवर सिलेनचा लेप नसेल, म्हणजे एका टोकाने काचेला आणि दुसऱ्या टोकाने नायलॉनला धरणारा रेणू मध्ये नसेल, तर लांबी असूनही उपयोग नाही. सिलिका घातलेले टायर १९९० च्या दशकाच्या प्रारंभी बाजारात येऊ शकले तेही याच सिलेनच्या आधाराने, कारण सिलिकाला पाण्याची ओढ आणि रबराला पाण्याचे वावडे. चिकणमातीच्या नॅनोमीटर जाडीच्या पापुद्र्यांनी जपानमध्ये टोयोटाच्या संशोधकांनी १९८० च्या दशकात नायलॉनचे बळ अवघ्या पाचेक टक्के भरणात दीडपटीने वाढवले, हे उदाहरण अभियंत्याने अभिमानाने दिले. त्याचा पहिला वापर इंजिनाच्या पट्ट्यावरील झाकणासाठी झाला, आणि झाकण कशावरही घासत नाही, एवढेच प्राध्यापकाने सुचवले.

प्राध्यापक : "उलट बाजूचे एक उदाहरण अधिक बोलके आहे. टेफ्लॉनमध्ये ॲल्युमिनाची, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडची, विशिष्ट स्फटिकरूपाची बारीक भुकटी वजनाने एक टक्काभर घातली तरी झीज हजारो पटींनी घटते. एक टक्क्याने बळ ते काय वाढणार? तेथे जे घडते ते रासायनिक आहे. घासताना टेफ्लॉनच्या साखळ्या तुटतात, तुटक्या टोकांची हवेतील प्राणवायूशी आणि ओलाव्याशी अभिक्रिया होते, आणि ती टोके धातूला व ॲल्युमिनाला घट्ट पकडतात. थर जणू तांब्याच्या भांड्याला कल्हई बसावी तसा बसतो."

अभियंता : "ओलावा लागतो म्हणता, मग निर्वातात काय होते?"

प्राध्यापक : "निर्वातात ही करामत चालत नाही, झीज पुन्हा वाढते."

अभियंत्याने टेबलावरचे आरेखन पुढे ओढले. पदार्थाच्या रकान्यात नायलॉन-६ आणि ३० टक्के काच असे लिहिले होते, ताणबलाची किमान मर्यादाही नोंदली होती. शाफ्टविषयी त्याचा व्यास २० मिलिमीटर, एवढेच होते. पृष्ठभाग किती गुळगुळीत असावा, याचा रकाना कोरा होता. ०.२ ते ०.४ मायक्रोमीटरच्या दरम्यान सरासरी खरखरीतपणा ठेवावा, असे प्राध्यापकाने सुचवले. त्याहून खरखरीत असेल तर शाफ्ट कानस होतो, आणि आरशासारखा गुळगुळीत असेल तर थराला बसायला खाच उरत नाही. भार विचारला तेव्हा तो ४०० न्यूटन निघाला. बुशाची लांबीही २० मिलिमीटरच होती, म्हणजे भार ४०० चौरस मिलिमीटरच्या सावलीवर पसरत होता आणि दाब अवघा १ मेगापास्कल भरत होता.

प्राध्यापक : "१८० चा माल १ च्या कामाला लावला गेला."

अभियंता : "आतल्या अंगाला १, हे बरोबर. पण हा बुश बाहेरून ठोकून बसवायचा असतो, आणि मऊ माल महिन्याभरात सैल पडून घरातच फिरू लागतो. काच आहे ती बाहेरच्या अंगासाठी."

प्राध्यापक : "मग बाहेर एक पदार्थ आणि आत दुसरा, हा उपाय १९५० च्या दशकापासून वापरात आहे. पाठीला पोलाद, त्यावर पाव मिलिमीटरचा सच्छिद्र ब्राँझ, आणि त्याच्या छिद्रांत दाबून बसवलेले, वर केसाहून पातळ थराएवढे उरलेले टेफ्लॉनचे मिश्रण. बळ पोलादाचे, घसरण टेफ्लॉनची."

अभियंता : "तो बुश उत्तम आहे, सर. पण तो साच्यातून निघत नाही."